कूलर, वानरं आणि प्रल्हाद मिस्त्रीचा उंबरा

घराचं काम संपलं की तीन गोष्टी उरतात. अर्धी गोणी सिमेंट, दहा-बारा फरशा आणि एक किस्सा. सिमेंट पहिल्याच पावसाळ्यात दगड होतं. फरशा शेजारी मागून नेतात, तुळशीभोवती लावायला. किस्सा मात्र कोणी उचलून नेत नाही, तो माझ्याकडेच राहतो. अठरा वर्षांत असे इतके साठलेत की आता कुठे लग्नाला गेले तरी पंगतीत कोणीतरी हमखास म्हणतं, "ताई, ते वानराचं सांगा ना!" मग जिलेबी बाजूला ठेवून मी सुरू होते.

मी खामगावात घरांचं इंटिरियर करते. शिकले पुण्याला. तिथे आमच्या एका सरांचं एकच म्हणणं असायचं, "घर आणि बाहेर असं वेगळं वाटताच कामा नये. उन्हाळ्यात तर घरानं अंगणात उतरलं पाहिजे!" मला ते इतकं पटलं की मी ते वहीत लिहून त्याभोवती चौकट केली. सरांचा उन्हाळा पुण्याचा होता, हे लक्षात यायला मला खामगावचा एक एप्रिल पुरला. आमच्याकडे होळी झाली की लोक घराला आतून कडी लावतात, ती मृग लागेपर्यंत. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. दिसलंच तर ते नालीत बसलेलं असतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. दिवसभर कितीही तापू दे, संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे जी हवा सुटते, ती काही सोडून देण्याची गोष्ट नाही. त्या हवेपर्यंत घर पोचलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. म्हणून मी प्रत्येक नकाशात मोठ्या खिडक्या, सरकती दारं, अंगणात बसायच्या जागा काढत राहिले.

आणि माझ्या प्रत्येक हट्टासमोर पहिल्या दिवसापासून एक माणूस थापी घेऊन उभा आहे. प्रल्हाद मिस्त्री. आमचा गवंडी. मूळचा लोणार तालुक्यातल्या बीबीचा. आठवडाभर खामगावात खोली करून राहतो आणि शनिवारी एसटीनं गावी जातो. त्याच्या हातची भिंत दोरी लावून बघावी लागत नाही. त्याच्या तोंडचं बोलणं मात्र रोज ऐकावं लागतं.

*

माझं पहिलं मोठं काम इंगळे साहेबांचं. तहसील कचेरीतून नुकतेच रिटायर झालेले. मागे छान बाग, लिंबाची दोन झाडं. मी त्यांच्या बैठकीला बागेच्या बाजूनं आठ फुटी सरकतं काचेचं दार दिलं. दार सरकवलं की बैठक संपते कुठे आणि बाग सुरू होते कुठे ते कळू नये! काम झालं त्या दिवशी मी एकटीच त्या दारात अर्धा तास बसून राहिले होते.

पाडव्यानंतर साहेबांचा फोन आला. "ताई, या एकदा. पाहून जा. सारे पाहुणे तुमचं नाव घेऊन राह्यले."

मी साडी नेसून गेले. बैठकीत पाऊल टाकलं तर अंधार! आठ फुटी दारात, बाहेरून लोखंडी स्टँडवर, एका छोट्या खोलीएवढा पत्र्याचा कूलर बसवलेला. उरलेल्या फटीत प्लायवूड. प्लायवूडच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे. आणि त्या कूलरचा आवाज असा की साहेब माझ्याशी बसस्टँडवर बोलावं तसे ओरडून बोलत होते.

"काय जागा काढली ताई तुमी कूलरले! एवढा मोठा कूलर आमच्या कॉलनीत कोणाच्याच घरी बसला नाही. साऱ्यायच्या खिडक्याच लहान!"

बाहेर आले तर प्रल्हाद मिस्त्री सायकलला टेकून उभा. त्याला आधीपासून माहीत होतं. कूलरचा स्टँड त्यानंच फरशीत पक्का करून दिला होता.

"नाराज नोका होऊ ताई," तो म्हणाला. "पुण्याच्या लोकाईले नाही जमत एवढा थंडा कूलर."

त्या घरामुळे मला आणखी तीन कामं मिळाली. तिघांनीही एकच सांगितलं, "इंगळे साहेबांसारखं कूलरचं दार पाहिजे."

*

पण कूलरचं भांडण उन्हाळ्यापुरतं. मिस्त्रीचं आणि माझं बारमाही भांडण उंबऱ्याचं.

माझं म्हणणं असं, की अंगणात उघडणाऱ्या दाराला उंबरा नको. आतली फरशी आणि बाहेरची फरशी एका पातळीत, मध्ये अडथळा नाही. नकाशात मी तसं स्पष्ट काढून दिलं. मिस्त्रीनं तो कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"ताई, उंबरा राह्यला काढायचा."

"राहिला नाही मिस्त्री. नाहीच आहे."

छप्पर काढायचं विसरलेल्या बाईकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. "मंग साप कोठी थांबन?"

"साप काय उंबरा बघून थांबतो?"

"थांबत नाही. पण त्याले समजते ना, का इथून पुढं माणसाचं हाय."

मी नकाशाची घडी घातली, ते त्याला संमतीसारखं वाटलं. "नवी सून माप कशावरून ओलांडन? सकाऊन उठून बाई हळदीकुंकू कोठी लावन? उंबऱ्याबिगर घर होत नाही ताई. गोडाऊन होते!"

मी म्हटलं, आज फरशी बसेपर्यंत जागची हलायची नाही. सकाळी नवापासून खुर्ची टाकून बसले. दोन वाजता घरमालकिणीनं जेवायला बोलावलं, म्हणून पंधरा मिनिटं आत गेले. परत आले तर दारात बोटभर उंच पट्टी!

"हे काय?"

"हा उंबरा नाही," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "पाण्याची आड हाय. पाऊस आत येईन ना."

पुढच्या घराला पाण्याची आड दीड बोट झाली. त्याच्या पुढच्या घराला दोन. विचारलं की म्हणायचा, "त्याचं मी पाहतो ताई, तुमी टेन्शन नोका घेऊ." माझ्या अठरा वर्षांच्या सगळ्या घरांत आत-बाहेर एक झालंय, फक्त मध्ये अडखळायला होतं.

एकदा चहा पिताना त्यानं मला मोबाईलवर फोटो दाखवला. ताडपत्रीवर ठेवलेली जाड सागाची एकसंध फळी, मधोमध कोरलेलं कमळ. "हा माह्या घराचा उंबरा. मी लहान होतो तवा बापानं आणून ठेवला. कमळ म्या कोरलं, तीन दिवाळ्या लागल्या."

"आणि घर?"

"घर बांधू ना. उंबरा तर तयार हाय!"

उंबरा आधी आणि घर नंतर असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी विचारलं, "बाबांना आवडलं कमळ?"

"बाप कोठी घरात राह्यते," तो हसला. "शेतात जागलीवर असते, चार खांबाच्या माळ्यावर. आयुष्यात घरात झोपला नाही तो. छत पाह्यलं का झोप उडते त्याची."

*

आता वानराचं.

जळगाव जामोदला एक शिक्षक जोडपं होतं. सर मराठी शिकवायचे. बोलणं असं की भाजीवाल्याशीही अनुस्वारासकट बोलतील. त्यांना माझं म्हणणं फार आवडलं. "मॅडम, निसर्ग घरात यायला हवा," हे वाक्य माझं होतं, पण ते त्यांनी स्वतःचं करून टाकलं. घराच्या मधोमध आम्ही उघडा चौक ठेवला. वर आकाश, खाली चाफा, भोवती खोल्या. जाळी लावू का, असं मिस्त्रीनं दोनदा विचारलं. सर म्हणाले, "आकाशाला जाळी लावतात का हो?"

गृहप्रवेश फाल्गुनात झाला. चैत्रात सातपुड्यातलं पाणी आटलं. एके दुपारी सरांचा फोन आला. आवाज अगदी वर्गात धडा वाचतात तसा.

"मॅडम, आपण म्हणाला होतात, निसर्ग घरात येईल."

"हो सर."

"तो आलेला आहे."

मला आनंद झाला. "चाफा फुलला का?"

"चाफा खाल्ला. निसर्ग सध्या सोफ्यावर बसलेला आहे. त्याची पत्नी स्वयंपाकघरात आहे. दोन पिल्लं पंख्यावर आहेत. आम्ही उभयता न्हाणीघरात आहोत आणि आतून कडी लावलेली आहे."

"सर, घाबरू नका, फटाका वाजवा, ती पळतात."

"फटाके कपाटात आहेत." मग जरा थांबून खालच्या आवाजात, "मॅडम, त्यानं टीव्ही लावला."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री जाळी घेऊन गेला. परत आला तो म्हणाला, "जाळी बसवली ताई. पण सर म्हणे, रिमोट घेऊन गेला तो. तुमच्याकडे भेटन काय?"

*

वानखडे काकूंच्या घराला मी लाकडी ओटा केला होता. अंगणात, कडुलिंबाखाली, बारा बाय दहा. खाली बसायच्या गाद्या, कडेला मातीच्या कुंड्या. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरच्यांनी तिथे चहा घ्यावा, गप्पा माराव्या. माझ्या मते ते माझं सगळ्यात देखणं काम. मी अकोल्याहून फोटोग्राफर बोलावला. म्हटलं, फोटो टाकू फेसबुकवर, कामं येतील.

पोचलो तर ओटा गायब! म्हणजे होता, पण दिसत नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी धोतरं अंथरलेली आणि त्यावर कुरडया, पापड, सांडगे. गाद्या घडी करून कोपऱ्यात. कुंड्या धोतराच्या कोपऱ्यांवर वजन म्हणून.

"बरं झालं बाई आलीस!" काकूंनी माझ्या हातात काठी दिली. "बस इथं घडीभर. कावळे येऊन राह्यले. मी चीक शिजवते तोवर."

मी बसले. माझ्याच ओट्यावर मी पहिल्यांदा बसले ती अशी, हातात काठी घेऊन, दोन तास. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, एवढ्या लांब आलो आहे तर काढतो तसाच. त्यानं काढला, मी टाकला. हवा मात्र खरंच सुंदर होती त्या ओट्यावर, हे सांगायला पाहिजे. कुरडया एका दिवसात वाळल्या.

त्या फोटोवरून मला एकही काम आलं नाही. काकूंना कुरडयांच्या सात ऑर्डरी आल्या, त्यातली एक पुण्याहून. आता काकू विचारतात, "ओटा आणखी पाच फूट वाढवता येईन काय गं?"

*

खामगावातल्या एका तेलवाल्या शेठजींचंही असंच झालं. त्यांच्या पेठेतल्या घराला मी रस्त्याच्या बाजूनं मोठी बैठी खिडकी दिली. समोर पिंपळ. खिडकीत गादी. "इथे आडवं व्हायचं शेठजी, आणि पिंपळाकडे बघत बसायचं!"

शेठजी आडवे झाले. बनियनवर. पहिल्याच दुपारी रस्त्यानं जाणाऱ्या एकानं आत बघून हात जोडले, "रामराम शेठ! झोपा, झोपा." त्याच्यामागून आलेल्यानं विचारलं, "तब्येत बरी हाय ना?" चार वाजेपर्यंत गावभर झालं की शेठजींचं काही खरं नाही, त्यांना बाहेर काढून झोपवलंय. संध्याकाळी दोन नातेवाईक शेगावहून गाडी करून आले.

शेठजींनी पडदे लावले. मग काचेला काळी फिल्म. त्यानंतर वर्षभर मी तिकडे गेले नाही. एकदा सहज गेले, तर खिडकीच्या जागी अख्खी भिंत! आणि भिंतीवर छतापासून गादीपर्यंत वॉलपेपर. हिरवं रान, धबधबा आणि एक हरीण.

"आता कसं मस्त झालं," शेठजी त्याच गादीवर लोळत म्हणाले. "बाहेरचं दिसते बी, अन् कोणी आत पाहत बी नाही!"

भिंत कोणी बांधली हे मी विचारलंच नाही. एवढी सरळ भिंत आमच्या भागात एकच माणूस बांधतो.

*

गेल्या दिवाळीनंतर प्रल्हाद मिस्त्री गावाहून महिनाभर उशिरा आला आणि आल्यावर बोलेना. नव्या घराच्या दाराची फरशी मी एका पातळीत आखून दिली होती. त्यानं ती तशीच लावली. पट्टी नाही, आड नाही, काही नाही! मला आनंद व्हायला हवा होता. मी घाबरले.

"मिस्त्री, बरं नाही का?"

"बाप पडला माळ्यावरून," तो म्हणाला. "खुबा मोडला."

ऑपरेशन झालं होतं, पण म्हातारा उभा राहू शकत नव्हता आणि आता राहणारही नव्हता. सत्तर वर्षं चांदण्याखाली झोपलेल्या माणसाला घरातल्या खोलीत खाटेवर ठेवलेलं. रात्रभर छताकडे बघत राहायचा. दोन घास खाऊन तोंड फिरवायचा.

"संध्याकाळी बाहेर न्या म्हणे मले. पहिल्या हप्त्यात आठ जण आले उचलाले. मंग चार. मंग मी अन् सुमन." सुमन म्हणजे त्याची बायको. "अन् त्या दिवशी खाट उचलून निघालो, तं माहा पाय उंबऱ्याले अडकला. खाट कलंडली. बापाचं डोकं चौकटीवर आपटलं." तो थापी फडक्यानं पुसत राहिला. पुसायला तिच्यावर काही नव्हतं. "आता म्हणतच नाही तो बाहेर न्या म्हणून. तुमाले तरास होते म्हणते. जेवत बी नाही."

मग तो म्हणाला, माझ्याकडे न बघता, "ताई, आमी दोन खोल्याइचं काम काढलं हाय गावी. तुमचं ते नकाशातलं... सपाट. ते काढून द्या माह्या घराले."

या वाक्याची मी अठरा वर्षं वाट बघत होते. 'मग साप कोठी थांबन?' हे उत्तरसुद्धा तयार होतं. ते ओठावर आलं आणि मी गिळलं. त्या क्षणी ते ओठावर आलं याचीच मला लाज वाटली.

मी बीबीला गेले. जुन्या घराच्या आतल्या खोलीत म्हातारबा पडलेले. लांब हाडं, डोळे पत्र्याला लागलेले. मी टेप काढून खाट मोजायला लागले, तसे त्यांनी मान वळवली.

"कोण हाय वं तू?"

"मी खामगावची बाबा. प्रल्हाद माझ्याकडे काम करतो."

त्यांनी माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं. "उंबरा नसलेली बाई काय?"

"हो बाबा."

"मंग साप कोठी थांबन?"

तेव्हा मला कळलं, प्रल्हाद मिस्त्रीचं शिक्षण कोणत्या शाळेत झालं ते. मी मोठ्यानं हसले. म्हातारबा हसले नाहीत, पण त्यांनी पुन्हा पत्र्याकडे बघितलं नाही. टेप कुठे लावते, किती आकडा म्हणते, ते बघत राहिले. निघताना म्हणाले, "दार रुंद कर. मले माळा दिसला पाह्यजे."

मी पाच फुटी दार काढलं. दोन्ही फळ्या बाहेर उघडणाऱ्या. आतून अंगणापर्यंत एकच सपाट फरशी, पावसाच्या पाण्यासाठी दाराबाहेर लोखंडी जाळीची नाली. खाटेला चाकं, म्हणजे एकट्या माणसाला ढकलता येईल. सगळं समजावून सांगितलं.

तेवढ्यात प्रल्हादची मावशी आली. गल्लीतल्या सगळ्या पूजांची ती पुढारी. तिनं कागदावर बोट ठेवून विचारलं आणि ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "बिनउंबऱ्याचं घर? गुरं बांधायची हायेत काय तुले तिथं? आधीच सांगते पल्हाद, उंबरा नसन तं मी वास्तुले पाय ठेवणार नाही. अन् गल्लीतली एक बाई येणार नाही."

प्रल्हाद अंगणातल्या ताडपत्रीकडे बघत होता. खाली काय आहे ते मला माहीत होतं.

गाडीत बसताना मी विचारलं, "उंबऱ्याचं काय करणार?"

"त्याचं मी पाहतो ताई," तो म्हणाला.

हे वाक्य मला चांगलंच माहीत होतं. माझ्या अठरा वर्षांच्या सगळ्या ठेचा त्या वाक्यातून लागल्या होत्या. घरी पोचेपर्यंत मला एकच भीती होती. आयुष्यभर लोकांच्या दाराला उंबरे बसवलेला माणूस, तो स्वतःचं घर बिनउंबऱ्याचं ठेवेल? बोटभर पट्टी लावली, तरी चाक अडणार. आणि चाक एकदा अडलं, की म्हातारा पुन्हा बाहेर न्या म्हणणार नाही.

*

वास्तुशांती वैशाखात होती. खामगावातलं काम आटोपून मी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. सकाळची पूजा होऊन मांडव रिकामा झाला होता. नव्या दोन खोल्या, चुन्याचा ताजा वास, आणि माझं पाच फुटी दार सताड उघडं. मी चपला काढल्या आणि आत जाण्याआधी तळपायानं दारातली फरशी चाचपली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पट्टी नाही, आड नाही. काही नाही.

मी प्रल्हादकडे बघितलं. तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

ऊन कलल्यावर सुमननं अंगणात सडा टाकला. तापलेल्या मातीतून वाफ निघाली, मग वारा सुटला. तिनं आत जाऊन खाटेच्या डोक्याकडचा दांडा धरला आणि ढकलला. एका हातानं! दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या होता. भंगारातून आणलेली रबरी चाकं नाली ओलांडताना जाळीवर जराशी खडखडली आणि खाट अंगणात आली, कडुलिंबाच्या पलीकडे, जिथून शेतातला माळा दिसतो तिथे.

म्हातारबांनी वर बघितलं. एवढ्या लवकर चांदणी कुठली, पण ते बघत राहिले. मग त्यांनी नाकानं जोरात वास घेतला आणि म्हणाले, "सुमन, ठेचा हाय काय?"

"हाय ना मामाजी."

"दोन भाकरी आण. अन् कांदा फोड."

मला रडू आलं. मी खाली वाकून खाट बघत असल्याचं नाटक केलं, आणि तेव्हा ती नीट पाहिली. डोक्याकडचा दांडा साधा लोखंडी पाइपाचा. पायथ्याकडे मात्र जाड सागाची आडवी फळी, मधोमध कमळ कोरलेलं. कमळावर सकाळचं हळदीकुंकू होतं, दोन अक्षता अजून चिकटलेल्या.

तेवढ्यात मावशी आली. येणार नाही म्हणाली होती, पण वास्तू म्हटल्यावर तिच्याच्यानं राहवलं नाही. हातात हळदीकुंकवाचं ताट, मागे गल्लीतल्या चार बाया. ती सरळ पाच फुटी दाराशी गेली, वाकली, फरशीवरून हात फिरवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काऊन बे पल्हाद! लोकाईच्या दाराले उंबरे बसवता बसवता डोकं पांढरं झालं तुहं. अन् तुह्या घराले उंबरा नाही?"

प्रल्हाद बापाच्या उशाखाली घडी केलेली गोधडी सरकवत होता. त्यानं मानही वर केली नाही.

"हाय ना मावशे. आंगणात आला हवा खायाले. सकाऊन जाते आत."